अकरा वर्षांच्या मुलाला ‘शॅडो ऑफ द कलोसस’ आत्ता द्यावा की थांबावं?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मुलांनी स्क्रीनपुढे किती वेळ बसावं, डोळ्यांचं काय होतं, मैदानी खेळ कुठे गेले, यावर पुष्कळ बोलून झालंय. ते इथे नको. गेम वाईट आहे अशी माझी तक्रारच नाही. गेम फार चांगला आहे आणि घोळ तिथेच आहे.

लेक अकरा वर्षांचा. त्याला ‘शॅडो ऑफ द कलोसस’ खेळायचाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फुमितो उएदा या जपानी दिग्दर्शकाचा हा गेम २००५ साली प्लेस्टेशन २ वर आला आणि २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी नव्याने बांधला गेला. वाँडर नावाचा पोरगेलासा तरुण एका मेलेल्या मुलीला घोड्यावर घालून निर्मनुष्य प्रदेशात येतो. तिथल्या मंदिरातला एक आवाज, डॉर्मिन त्याचं नाव, त्याला सांगतो की इथले सोळा महाकाय जीव मारलेस तर ती कदाचित परत येईल. एक तलवार, एक धनुष्य, अग्रो नावाचा घोडा. संपलं सामान.

(इथून पुढे सगळीकडे स्पॉयलर आहेत. ज्यांना खेळायचाय त्यांनी आत्ताच मागे फिरा.)

मी तो कॉलेजात असताना खेळले. पहिले दोन-तीन पाडले तेव्हा खुर्चीतून उठून नाचले होते. मग कधीतरी, नक्की कितव्याला ते आठवत नाही, नाचणं थांबलं. एवढा डोंगरासारखा जीव कोसळतो, संगीत एकदम रडवेलं होतं, आणि तू जिंकलास असं सांगणारं पडद्यावर काहीच येत नाही. आपण हे का करतोय असं मला कुणीही विचारलं नव्हतं. तरी मी स्वतःशीच खुलासे द्यायला लागले होते. तोवर वाचन भरपूर झालं होतं, पण कुठल्या पुस्तकाने मला असं अपराधी वाटायला लावलं नव्हतं. पुस्तकात मारणारा दुसराच कुणीतरी असतो ना.

आता चिरंजीव. माइनक्राफ्टमध्ये रेडस्टोन लावून आपोआप उघडणारी दारं करतो, कंट्रोलरवर त्याची बोटं माझ्या केव्हाच पुढे गेलीत. गेमची झलक बघून पहिलं वाक्य काय, तर “सोळाच बॉस? हे तर लगेच संपेल.” माझ्या पोटात धस्स झालं.

भीती अशी आहे की आत्ता खेळला तर त्याच्या लेखी ती सोळा बॉसची यादी होईल. एकेकावर फुली मारेल आणि विसरेल. मग पंधरा-सोळाव्या वर्षी, जेव्हा खरोखर काही आत उतरलं असतं, तेव्हा म्हणेल, “तो होय, तो झालाय खेळून.” पहिली खेप काही दोनदा मिळत नाही. नवरा म्हणतो, “अगं देऊन टाक. गेम आहे, दागिना नाही तिजोरीत ठेवायला.” वयाचा शिक्का युरोपात १२ चा आहे, अमेरिकेत १३ चा. त्या वर्ष-दोन वर्षांनी माझं अडलेलं नाही.

तर, खेळता येण्याचं वय एक आणि कळण्याचं वय दुसरं असेल, तर गेम कुठल्या वयाच्या हाती द्यायचा? असा एखादा गेम लहानपणी खेळून मोठेपणी पुन्हा खेळलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.

काटेकोर

शिक्क्याने अडलेलं नाही म्हणता, पण शिक्का काय सांगतो त्याबद्दल घरोघरी गैरसमज आहेत, म्हणून आधी तेवढं.

अमेरिकेतलं ईएसआरबी, म्हणजे गेमवर वयाचा शिक्का मारणारं मंडळ, १९९४ मध्ये सुरू झालं. आदल्याच वर्षी तिथल्या सिनेटमध्ये ‘मॉर्टल काँबॅट’ आणि ‘नाइट ट्रॅप’ या गेममधल्या हिंसेवरून सुनावण्या झाल्या होत्या. सरकारने कायदा आणण्याआधी उद्योगानेच स्वतःला शिस्त लावून घेतली. युरोपातलं तसंच मंडळ, पेगी, २००३ चं. दोघांचंही काम रक्त, शिव्या, नग्नता, अमली पदार्थ, जुगार असलं मोजायचं. बुद्धिबळाच्या गेमवर पेगीचा ३ चा शिक्का असू शकतो. तीन वर्षांचं पोर बुद्धिबळ खेळेल असं कुणी म्हणत नाही, त्यात त्याला बाधेल असं काही नाही एवढंच. दुकानात खोक्यातून येणाऱ्या गेमसाठी ईएसआरबीचे परीक्षक प्रकाशकाने भरलेली प्रश्नावली वाचतात आणि त्याने पाठवलेलं निवडक प्रसंगांचं चित्रीकरण बघतात. मुलाला अर्थ लागेल का, असा रकाना त्या प्रश्नावलीत नसतो. ‘जर्नी’ला (२०१२) ईएसआरबीचा ‘ई’ आहे, म्हणजे सर्वांसाठी. एक आकृती वाळवंटातून लांबच्या डोंगराकडे चालत जाते, एवढाच गेम. वाळूच्या टेकडीवरून घसरत जाण्याची मजा बालवाडीतल्या पोरालाही येईल. ती आकृती त्या डोंगराकडे कशाला निघालीय हे कळायला एखादं माणूस गमवावं लागतं.

तरीही माझं मत विचाराल तर १२ चा शिक्का आहे, १२ ला द्या. अर्थासाठी नाही, घरच्या शिस्तीसाठी. आज एका वर्षाची सूट दिलीत की पुढची मागणी ‘जीटीए’ची, म्हणजे त्या गुन्हेगारीच्या गेमची. तिथे शिक्का १८ चा. तेव्हा कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

निळी_शाई

‘जीटीए’ची मागणी येऊन गेली, नाही म्हणून झालं, दोन दिवस अबोला झाला, आणि मग तोच येऊन भूक लागली म्हणाला. (हलकेच घ्या.) बुद्धिबळाचं उदाहरण मात्र नवऱ्याला ऐकवलं.

मागच्या_खुर्चीतून

हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे, त्यामुळे पोस्ट लांबणार.

मी गेम टेस्टिंगमध्ये आहे. बग शोधणाऱ्यांतला नाही. अर्धवट तयार झालेला गेम लोकांना खेळायला देतात, तेव्हा त्यांच्या मागे वही घेऊन बसणाऱ्यांतला. लहान मुलं असली तर आईबाप बाहेर, आत मी. नियम एकच, मदत करायची नाही. मूल दार सोडून भिंतीला धडका मारत असलं तरी तोंड बंद ठेवायचं. पहिल्या वर्षी हे फार जड गेलं. आता उलट घरीही कुणी किल्ली शोधत असलं तर मी नुसता बघत बसतो आणि बोलणी खातो.

या खुर्चीतून दिसतं ते असं. मुलाला काय कळलं हे त्याला विचारून कळत नाही. खेळून झाल्यावर विचारलं, “कसा वाटला?” की उत्तर ठरलेलं, “भारी होता.” “गोष्ट काय होती?” “तो माणूस जातो आणि सगळ्यांना मारतो.” हे ऐकून लेखक मंडळी कपाळावर हात मारतात. पण मी त्याच मुलाचे अंगठे बघितलेले असतात. एका गेममध्ये (नाव सांगायची परवानगी नाही, पुढे तो निघालाही नाही) एक जनावर होतं, ते पडताना आवाज करायचं. बहुतेक मुलं तसाच पुढचा वार करायची. एका मुलीने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि मान न वळवता विचारलं, “ते परत उठतं का?” मी नियमाप्रमाणे गप्प. तिने थोडा वेळ वाट बघितली, मग त्या जनावराला लांबून वळसा घालून निघाली. वाटेत दुसरं दिसलं, त्यालाही वळसा. गेम तसा खेळता यायचा नाही, पुढे दार उघडेना, ती अडकली. बाहेर जाऊन आईला म्हणाली, “बरा होता.”

आता सांगा, तिला कळला की नाही?

गेममधलं मरण हा मुलांच्या दृष्टीने आधी एक नियम असतो. परत उठतं की नाही, उठलं तर किती वेळाने, कुठून. ते शोधून काढायचं असतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला खरं मरण परतीचं नसतं हे साधारण ठाऊक झालेलं असतं, पण ते ज्ञान तो गेमच्या दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवतो, कारण आतल्या बाकीच्या सगळ्या गेमनी त्याला तेच शिकवलेलं असतं. तुमचा गेम नेमकं तिथे बोट ठेवतो. त्यातले सोळाच्या सोळा परत उठत नाहीत. ते जिथे पडतात तिथे त्यांचं धूड तसंच राहतं, पुन्हा त्या वाटेने गेलात तर दिसतं. याला वाचन लागत नाही, अनुभव लागत नाही. अकराव्या वर्षी हे दिसतं. दिसून त्याचं काय होईल ते मात्र तुमच्या-माझ्या हातात नाही.

त्याला नक्की काय कळणार नाही याचा मी विचार केला. डॉर्मिन खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही, हे कदाचित निसटेल. (सुरुवातीलाच तो बजावतो की याची किंमत जबर असू शकते, आणि वाँडर म्हणतो, चालेल. मुलं हे वाक्य बटण दाबून पुढे ढकलतात. मोठेही ढकलतात.) वाँडरचा चेहरा दर खेपेला फिकट होत जातो, कपडे मळतात, हे मुलं आपल्यापेक्षा लवकर टिपतात, पण त्यांना वाटतं ही नवी शक्ती आली असणार, कारण इतर गेममध्ये रूप बदललं की शक्तीच येते. आणि मोनो. ज्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप, ती याची कोण लागते हे गेम सांगतच नाही. मोठा माणूस ती जागा स्वतःच्या माणसाने भरतो. अकरा वर्षांच्या मुलाकडे तिथे भरायला, सुदैवाने, कुणी नसतं.

हे सगळं त्याच्याकडून निसटलं तर गेम वाया गेला का? मला तसं वाटत नाही. आणि वय वाढलं की आपोआप हाती लागेल याचीही खात्री बाळगू नका. तिशी ओलांडलेले माझे सहकारी हाच गेम घड्याळ लावून खेळतात, कुठला महाकाय किती मिनिटांत. त्यात त्यांचं चुकतंय असंही नाही. एकदा संपवल्यावर गेम स्वतःच ‘टाइम अटॅक’ उघडून देतो. उएदांच्या गेममध्ये तो कसा आला हे मला नेहमी नवल वाटतं, पण आहे खरा.

वयाचा फरक कुठे पडतो ते सांगायला दुसरा गेम घेतो, ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३). १९८२ साल, आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, तुम्ही सरहद्दीवरचे तपासनीस. पासपोर्ट बघा, तारखा जुळवा, शिक्का मारा. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती दिलात तर तो तुमच्या दुप्पट वेगाने चुका पकडेल. त्याच्यासाठी ते दोन चित्रांतले फरक ओळखण्याचं कोडं आहे, आणि त्यात तो तरबेज असतो. रोज दोन चुका माफ, तिसरीपासून दंड, हेही त्याला पटकन समजतं. संध्याकाळी घरभाडं, अन्न, गरमी, औषध यांना पैसे वाटायचे असतात, तो ते गणितासारखं सोडवतो. मग एक बाई येते, तिचे कागद अपुरे आहेत, नवरा आत्ताच पुढे गेलाय. मुलगा म्हणतो, कागद नाही, लाल शिक्का. पुढचा! मोठ्याचा हात तिथे अडखळतो. नियम दोघांना सारखाच कळलेला असतो. पण नियम पाळून आपण वाईट वागू शकतो, ही गोष्ट ज्याने बाहेर कधी भोगलेली नाही त्याच्या हाताला ती कुठून कळणार? हा गेम मी थांबूनच देईन. (त्यात अंगझडतीच्या यंत्रात नग्न आकृत्या दिसतात, सेटिंगमधून बंद करता येतात, तो मुद्दा निराळा.)

‘शॅडो’ तसा नाही. त्याला समाज नाही, नोकरी नाही, कागद नाहीत. घोडा, वारा, एक अवाढव्य जीव आणि त्याच्या केसाळ पाठीला धरून लोंबकळणारे तुम्ही. बोलणंही मोजकं, तेही बनवलेल्या भाषेत, खाली सबटायटल. वाचायला अडत असेल तर तुम्ही वाचून दाखवा, पण वाचूनच दाखवा, समजावू नका.

माझी खरी काळजी वेगळी आहे, कंटाळा. हल्लीचे नकाशे खचाखच भरलेले असतात. दर पावलाला पेटी, नाणं, कुणीतरी काम सांगणारं. इथे सोळा जणांखेरीज लढायला कुणी नाही. गावं नाहीत, दुकान नाही, गुण नाहीत. मैलोगणती घोडा दौडवायचा, तलवार उन्हात धरून तिच्या झोताची दिशा बघायची. तुम्ही तो खेळलात तेव्हा हे रितेपण अंगावर आलं असेल. त्याला वाटेल गेम अपुरा राहिलाय. पाचव्या-सहाव्याला त्याने कंट्रोलर टाकला तर गुपचूप उचलून ठेवा. जोर करू नका, “अरे पुढे बघ काय होतं” तर मुळीच नको.

न टाकला, तर मात्र मजा बघा. पाचवा, तो पक्षी, खांबावर बसलेला असतो. तुम्ही बाण मारेपर्यंत तो काहीच करत नाही. अकरावा अंगावर येतो, पण आगीला घाबरून मागे सरकत जातो. तेरावा, वाळूवर उडणारा, तो तर तुमच्यावर एकदाही हल्ला करत नाही. मला विचाराल तर सबंध गेम त्या तेराव्यात आहे. त्या वेळी मुलाच्या मागे बसा, चेहरा बघू नका, अंगठे बघा.

सेव्ह_करायचं_राहिलं

ताई, तुम्हाला हवी होती ती मीच. दुसरी-तिसरीत असताना खेळले, दादाच्या प्लेस्टेशन ३ वर. २०११ मध्ये जुना गेम झळझळीत करून आला होता, तो. मोठे महाकाय दादा मारायचा, घोडा दौडवायचं काम माझं. नंतर दादाला कंटाळा आला आणि मी एकटीच पुढे गेले.

कहाणी? शून्य कळली. मोनो झोपलीय असं वाटायचं, मेलीय हे डोक्यात शिरलंच नव्हतं. डॉर्मिनचा आवाज बाईचा की पुरुषाचा यावर आमची भांडणं (दोन्ही आवाज एकात एक आहेत). पण अग्रो कळला. हाक मारली तरी आपल्या मनाने येतो, कड्याच्या टोकाला लगाम ओढला नाही तरी थांबतो. मला तो खराच वाटायचा.

सोळाव्याच्या आधी पूल कोसळतो. अग्रो वाँडरला पलीकडे फेकतो आणि स्वतः खाली जातो. मी टीव्ही बंद केला. कंट्रोलर बंद करायचंही सुचलं नाही. दादाला सांगितलं की डिस्क खराब झालीय. मग किती वर्षं मी त्याला हातच लावला नाही.

बारावीच्या सुट्टीत रीमेक खेळले, या वेळी शेवटपर्यंत. आणि शेवटी तो लंगडत येतो! तो मेलेला नसतो! मी इतकी वर्षं उगाच त्याचं सुतक धरलं होतं. मोनो, वाँडरची शिंगं, ते तान्हं बाळ, सगळे त्याच दृश्यावर बोलतात, मी मात्र घोड्याच्या पायाकडे बघत होते. तुम्ही म्हणता पहिली खेप वाया जाईल. माझी दुसरी खेप इतकी जोरात लागली ती पहिलीमुळेच. सुरुवातीला ते दोघं अरुंद वाटेने निवांत येताना दिसतात, तिथेच घसा दाटला, कारण पुलाचं मला माहीत होतं.

माझा वाया गेलेला गेम विचाराल तर ‘बायोशॉक’. तो मी अगदी योग्य वयात खेळले, सतरा पूर्ण. पण त्याआधी यूट्यूबवर कुणीतरी चाळीस मिनिटं त्याचा अर्थ समजावून सांगितलेला मी बघितला होता. ती मधली कलाटणी आली तेव्हा मी फक्त मान डोलावली. म्हणून वयापेक्षा त्या व्हिडिओंची राखण करा. आणि प्लीज, अग्रोचं त्याला कुणीही सांगू नका.

पाटी_पेन्सिल

मी प्राथमिक शाळेत शिकवते. गेममधलं मला फारसं कळत नाही, हे सगळं वाचून मात्र एक जुनी गोष्ट आठवली. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये मुलांच्या नैतिक समजेवर लिहिलं, त्यातली कपांची जोडगोष्ट. एक मुलगा दार उघडतो, दारामागे कप ठेवलेत हे त्याला ठाऊक नसतं, पंधरा कप फुटतात. दुसरा आई नसताना मुरंबा चोरायला चढतो, एकच कप फुटतो. जास्त वाईट कोण? लहान मुलं पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवतात, कारण नुकसान जास्त. साधारण नऊ-दहाच्या पुढे बोट चोराकडे वळायला लागतं, कारण हेतू वाईट. (पियाजेंची वयं नंतरच्या संशोधकांनी अलीकडे ओढली, प्रश्न सोपा करून विचारला तर लहानांनाही हेतू कळतो असं दिसलं. पण वर्गात मला हे वळण अजूनही दिसतं.)

तुमचा वाँडर या दोन्ही मुलांत बसत नाही. हेतू चांगला, कप मात्र सोळा फुटलेले, आणि तेही जाणूनबुजून. अकरा वर्षांचा मुलगा नुकता हेतूकडे वळलेला असतो. तो ठामपणे सांगेल की वाँडर चांगलाच आहे, तो तिला वाचवतोय. दोन्ही एकदम धरून ठेवणं, चांगल्या मनाने वाईट केलं आणि तरी माणूस पूर्ण वाईट नाही, हे पुढच्या वर्षांत येतं. काहींना ते साठीतही येत नाही, पालकसभेत भेटतात. त्यामुळे अकराव्या वर्षी दिलात तर तो वाँडरच्या बाजूने खेळेल, पंधराव्या वर्षी कदाचित त्याच्यावर चिडेल. मला दोन्ही बघायला आवडेल.

मागच्या खुर्चीतल्या दादांशी एका ठिकाणी माझं जुळत नाही. प्रयोगशाळेत गप्प बसणं ठीक, आई म्हणून इतकं गप्प बसू नका. खेळताना बोलू नका हे मान्य. दुसऱ्या दिवशी, दुसरंच काही करत असताना, सहज विचारा, “तो पाचवा कुठे राहायचा रे?” अर्थ विचारू नका, जागा विचारा. मुलं जागेपासून बोलायला लागली की बरंच पुढे जातात.

मागच्या_खुर्चीतून

@पाटी_पेन्सिल, जागा विचारायची युक्ती मी कामावर चोरणार आहे. आमच्या प्रश्नावलीत अजून “गेम तुम्हाला किती आवडला, एक ते पाच” असलंच आहे.

काटेकोर

कळण्याच्या वयाचा विचार सरकारी पातळीवरही झालाय हे नोंदवून ठेवतो. पोलंडने २०२० मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेत असल्याचं जाहीर केलं. वेढा पडलेल्या शहरात अडकलेल्या साध्या नागरिकांचा गेम आहे, सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. बंदूक चालवण्यापेक्षा रात्री कुणाच्या घरातून औषधं उचलायची हा त्यातला पेच. पण शिक्का १८ चा, म्हणून शिफारस फक्त अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे शिकवण्यालायक ठरवला, तरी शिक्का मोडला नाही. मी हेच तर म्हणत होतो. हे माझं शेवटचं पोस्ट.

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. मधे लिहिता आलं नाही, कारण गेम सुरू झालाय. काटेकोर, रागावू नका. वाढदिवस पुढच्याच महिन्यात आहे, तेवढी सूट घेतली. रीमेकमध्ये सोपी पातळी आहे, ती त्याने अपमान समजून नाकारली.

आत्तापर्यंतचा अहवाल अगदीच साधा आहे. दोन महाकाय पडले, तिसऱ्यावर अडकलाय. पहिला पडला तेव्हा तो माझ्यासारखाच नाचला, आणि मी वहीत नाक खुपसून बसले होते. मग ते काळे धागे वाँडरच्या अंगात शिरतात, तेव्हा म्हणाला, “पॉवर मिळाली.” मागच्या खुर्चीवाल्यांनी अगदी हेच लिहिलं होतं, त्यामुळे मला हसू आवरेना आणि त्याला वाटलं मी त्याच्या खेळण्याला हसतेय.

कंटाळ्याचं म्हणाल तर उलटंच झालं. रिता नकाशा त्याने स्वतःच भरून काढलाय. पांढऱ्या शेपटीच्या पाली बाणाने मारल्या की पकड वाढते, हे त्याला कुठूनतरी समजलं. आता महाकाय राहिले बाजूला, रोज पालींची शिकार चालते. कुठल्या देवळीपाशी किती, याचा नकाशा वहीच्या मागच्या पानावर. मी ज्या गेममध्ये अपराधाने पोळले त्यात माझा मुलगा पालींचा हिशेब ठेवतोय, हे पचवायला मला वेळ लागेल. नवरा खूश आहे.

पाटी_पेन्सिल ताई, तुमचा जागेचा प्रश्न विचारून बघितला. “दुसरा कुठे राहायचा रे?” उत्तर आलं, “पुलाखाली. अजून तिथेच पडलाय, मी जाऊन बघितलं.” का बघितलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एक मदत हवी. तिसऱ्याचं हातावरचं कवच फोडायचं असतं एवढं मला आठवतंय, पण त्याला कुठे उभं करायचं ते आठवत नाही. युक्ती त्याला सांगणार नाही, फक्त मला माहीत असावी, म्हणजे तो धडका मारत असताना गप्प बसणं सोपं जाईल. उत्तर इथे नको, व्यक्तिगत निरोपात पाठवा. संध्याकाळी टॅब त्याच्याकडे असतो आणि वर कुणीतरी अग्रोचं सगळं लिहून ठेवलंय, त्यामुळे मी आता लॉगआउट करून पासवर्ड बदलतेय.